ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(कट्टा, ता. मालवण इथे झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘मोबाईल, पाळत आणि आपण’. तो वाचून मघाशी चहाच्या वेळी एक काकी मला म्हणाल्या, “गे बाय, ह्या सगळा शिकलेल्यांचा. आमच्याकडे लपवण्यासारखा काय आसा?”

काकी इथंच बसल्या आहेत. मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, कारण चटकन देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला पाळत, खाजगीपणा, मानवी हक्क असे शब्द पुस्तकातून शिकवले होते. पण काकींच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकांत नव्हतं. ते मला इथं काम करताना, तुमच्यासारख्या बायकांकडून हळूहळू मिळत गेलं. तेच आज सांगते.

आधी थोडं मागे जाऊ या. आपल्या भागात घरटी एक तरी चाकरमानी. नवरा मुंबईला, बायको गावी. पूर्वी पत्र यायचं. बाईला वाचता येत नसे. मग ते पत्र कोण वाचून दाखवायचं? पोस्टमन, नाहीतर शाळेतले गुरुजी, नाहीतर शिकलेला दीर. आणि ऐकायला कोण बसायचं? सासू, जावा, शेजारीण. उत्तरसुद्धा अशाच सगळ्यांच्या देखत सांगायचं. मग त्यात काय लिहिणार? ‘इकडील सर्व खुशाल आहे.’ मार खाल्ला, उपाशी राहिले, दिराची नजर वाईट आहे, यातलं एक अक्षर त्या पत्रात जाऊ शकत नव्हतं. ज्या बाईचं पत्र दुसऱ्याच्या हातून जातं, तिला तक्रार करता येत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिथंच येऊन थांबणार आहे.

आता पत्र गेलं, मोबाईल आला. आपल्याला वाटलं, सुटलो. बाई थेट माहेरी बोलू शकते, संघटनेला फोन करू शकते. ते खरंच झालं, मी नाकारत नाही. पण पोस्टमन आणि गुरुजी पूर्ण गेले का?

आमच्याकडे एक बाई आली होती. तिची ओळख पटेल असं काहीही मी सांगणार नाही, काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. नवरा मुंबईला. गणपतीला आला की मारहाण. तिनं आमच्याशी व्हॉट्सॲपवर बोलायला सुरुवात केली. आम्ही काय ठरवतोय, ती कुठल्या दिवशी घर सोडणार, हे दर वेळी त्याला आधीच कळायचं. तिला वाटायचं शेजारीण सांगते, देवाला कौल लावतात, कोणी करणी केली आहे. शेवटी आमच्यातल्या एका तरुण मुलीनं तिच्या फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून बघितलं. सुट्टीत आला तेव्हा त्यानं तिचा फोन दोन मिनिटं हातात घेऊन तिचं व्हॉट्सॲप आपल्या दुसऱ्या फोनला जोडून ठेवलं होतं. मुंबईच्या खोलीत बसून तो तिचा प्रत्येक निरोप वाचत होता. करणी नव्हती, चेटूक नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

माझी चूकही सांगते, कारण ती लपवली तर या भाषणाला अर्थ नाही. त्याच काळात एका शिबिराचा फोटो मी हौसेनं आमच्या ग्रुपवर टाकला. मागच्या रांगेत घर सोडून आलेली दुसरी एक बाई होती. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. चौथ्या दिवशी तिचा नवरा शिबिराच्या गावात हजर. सुदैवानं आम्ही चौघीजणी तिथे होतो. पण मी रात्रभर झोपले नाही. लपवण्यासारखं त्या बाईकडे काय होतं? काहीच नाही. फक्त ती कुठे आहे, एवढंच. आणि त्यावर तिचा जीव होता.

हे घरातल्या नजरेचं झालं. आता सरकारच्या नजरेकडे येते. तुम्ही म्हणाल, सरकारला आमच्या फोनशी काय करायचंय? तर ‘लाडकी बहीण’ आठवा. २०२४ मध्ये योजना आली, महिना १५०० रुपये. तो पैसा बायकांच्या हक्काचा आहे आणि त्यातून किती घरांत औषध, शाळेची फी निघाली ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. योजनेला नावं ठेवायला मी उभी नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा काय झालं? बाईनं आपला आधार क्रमांक टाकायचा, आपला ओटीपी टाकायचा. आणि पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी.

इथं बसलेल्या किती जणींनी त्यासाठी मुंबईला फोन लावले, हात वर करा. बघा! एक बाई तेव्हा मला म्हणाली होती, “ओटीपी ह्येंच्या फोनवर येता, आणि हे माझो फोन उचलणत नाय.” नवऱ्यानं टाकलेली बाई. दहा वर्षं तोंड बघितलं नाही. तिनं त्याच्याकडे कुठल्या तोंडानं ओटीपी मागायचा? आणि मागितला, तर ती आता कुठे राहते, तिचा नंबर काय, तिला पैसे येतात, हे सगळं त्याला कळलंच. ऐंशी-नव्वदच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न घेऊन महाराष्ट्रातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, शासनानं त्यांना स्वतंत्र माणूस म्हणून मोजावं यासाठी. आणि २०२५ मध्ये एका संगणकानं पुन्हा विचारलं, तुझा पुरुष कोण?

ओरड झाली, तेव्हा सरकारनं मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. ज्यांचे वडील आणि नवरा दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांना कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली. चांगलं झालं. पण जिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोटाचा हुकूम नाही, नुसतीच टाकलेली आहे, तिचा कागद कोणता?

याउलट २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा बघा. त्यात रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. म्हणजे कायदा बाईला कुटुंबप्रमुख करू शकतो, ते अशक्य नाही. संगणकाचा अर्ज बनवणाऱ्याच्या डोक्यात मात्र अजून घरचा कर्ता पुरुषच आहे.

अंगणवाडीच्या ताई इथे आहेत. त्यांना ‘पोषण ट्रॅकर’ सांगायला नको. २०२१ मध्ये हे ॲप इंग्रजीत आणि फोन हलके, म्हणून महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. ते आंदोलन आपण विसरू नये. आता १ जुलै २०२५ पासून गरोदर आणि स्तनदा बाईला घरी न्यायचा आहार हवा असेल, तर कॅमेऱ्यापुढे उभं राहून चेहरा पटवून द्यावा लागतो. म्हणजे कोण गरोदर, कितवं मूल, वजन किती, चेहरा कसा, हे सगळं एका ठिकाणी. आहार चोरीला जाऊ नये हा हेतू मान्य. पण चोरी वरच्या पायऱ्यांवर होते आणि तपासणी होते ती सर्वांत खालच्या पायरीवरच्या पोटुशीची! ती माहिती कोण बघतं, किती वर्षं ठेवतात, चुकली तर दुरुस्त कुठे करायची, हे तिला कोणी सांगितलं आहे का?

तर काकी, ‘लपवण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न बायकांना नवा नाही. तो कोर्टातही विचारला गेला आहे. साठच्या दशकात महाराष्ट्रातला एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला. खातेचौकशीत त्याला बडतर्फ केलं. पुढे उच्च न्यायालयात बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवलं गेलं, अशा बाईच्या शब्दावर अधिकाऱ्याची नोकरी घालवायची का, म्हणून. १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बाई कशीही असो, तिच्या घरात वाटेल त्याला वाटेल तेव्हा घुसता येणार नाही, तिलाही खाजगीपणाचा हक्क आहे. लक्षात घ्या, हा हक्क मिळायला ‘चांगली बाई’ असण्याची अट नाही.

लगेच १९९१ मध्ये दुसरा निकाल आला. नीरा माथुर नावाच्या बाईची आयुर्विमा महामंडळातली नोकरी गेली, कारण तिनं अर्जात काही माहिती लपवली म्हणे. माहिती कसली? पाळी नियमित येते का, किती वेळा दिवस गेले, गर्भपात किती झाले. सर्वोच्च न्यायालयानं तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि असले रकाने अर्जातून काढायला सांगितलं. म्हणजे एखादी माहिती मागितली आहे म्हणून ती द्यायलाच हवी असं नाही. मागणाऱ्यालाही विचारता येतं, ‘कशाला हवी?’

आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. खटला आधारवरूनच निघाला होता.

मग सगळं ठीक झालं का? नाही. ज्या बाईनं मोठ्या माणसाविरुद्ध तोंड उघडलं तिचं काय होतं ते ऐका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका माजी महिला कर्मचाऱ्यानं तेव्हाच्या सरन्यायाधीशांविरुद्ध लैंगिक छळाचं प्रतिज्ञापत्र दिलं. न्यायालयाच्या अंतर्गत समितीनं तक्रारीत तथ्य नाही असं म्हटलं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, जगभरातल्या वृत्तपत्रांनी मिळून एक यादी उजेडात आणली. इस्रायली कंपनीच्या ‘पेगॅसस’ या हेर-सॉफ्टवेअरसाठी निवडले असावेत अशा नंबरांची. हे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरलं की निरोप, फोटो, कॅमेरा, माईक सगळं परक्याच्या ताब्यात जातं. कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. त्या यादीत या बाईच्या, तिच्या नवऱ्याच्या आणि दिरांच्या वापरातले मिळून ११ नंबर होते. प्रतिज्ञापत्र दिल्यावर काही दिवसांतच ते यादीत आले, असं त्या बातम्यांत म्हटलं होतं.

मी जपून बोलते. यादीत नंबर असणं म्हणजे फोनमध्ये हेर शिरलाच असं सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं सांगता आलं नाही. सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही, हे मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी कोर्टात वाचून दाखवलं. मला विचाराल तर त्या यादीचा एवढाच धडा पुरे आहे. तक्रार करणारी बाई एकटी असते आणि तिच्यावर डोळा ठेवणारा दिसत नाही. पत्र वाचणारे गुरुजी निदान समोर तरी बसायचे!

फोनवर पाळत ठेवायला कायदाच नाही असं नाही. इंग्रजांनी १८८५ मध्ये तारेचा कायदा केला, त्याखाली फोन ऐकले जात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला लगाम घातला. गृहसचिवांचा लेखी हुकूम हवा, वर तपासणी समिती हवी. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. पण तपासणी समितीत आजही अधिकारीच आहेत, न्यायाधीश नाही. म्हणजे सासूनं सुनेची झडती घ्यायची आणि बरोबर घेतली की नाही ते मोठ्या जावेनं ठरवायचं. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचाही कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यात कंपन्यांवर बंधनं आहेत, पण ती पूर्ण लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. आणि सरकार आपल्याच खात्यांना सुरक्षेचं कारण देऊन त्यातून सूट देऊ शकतं. शिवाय याच कायद्यानं माहिती अधिकारात बदल करून ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असं सांगून नकार देणं सोपं केलं. म्हणजे आपली माहिती त्यांना उघडी आणि त्यांची आपल्याला बंद.

घरातली नजर आणि कोर्ट यांची गाठ कशी पडते तेही सांगते. एका नवऱ्यानं बायकोचे फोनवरचे बोलणे तिच्या नकळत रेकॉर्ड केले आणि घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून दिले. उच्च न्यायालय म्हणालं, हा तिच्या खाजगीपणाचा भंग आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि असा पुरावा चालेल असं सांगितलं. काही जणी म्हणतील, बाईलाही नवऱ्याच्या शिव्या-धमक्या रेकॉर्ड करून पुरावा देता येईल, आणि ते खरं आहे. आमच्या कामात त्याचा उपयोगही होईल. पण घरात दोन फोन असतील तर चांगला कुणाकडे असतो? पंधरा ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या ५४ टक्केच, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. हत्यार दोघांनाही चालेल म्हणताना ते आहे कुणाच्या हातात, हे बघायला नको का?

आता करायचं काय? मोबाईल फेकायचा नाही. मुलींच्या हातातून तो काढून घ्यायचा तर मुळीच नाही. ‘मोबाईलमुळे मुली बिघडतात’ असा ठराव करणाऱ्यांच्या पंगतीला आपण बसायचं नाही. आपण त्याला कुलूप लावायला शिकायचं.

पहिलं, आपल्या नावाचं सिम, आपला नंबर. आधार, बँक, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. मुलाचा नको, दुकानदाराचा नको, सेवा केंद्रातल्या पोराचा तर नकोच. दुसरं, फोनला पिन, आणि ती लग्नाच्या तारखेची नको, घरात सर्वांना पाठ असते! व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ महिन्यातून एकदा उघडून बघायचं, अनोळखी काही जोडलेलं दिसलं तर काढायचं. पण थांबा. मारणाऱ्या माणसाबरोबर राहात असाल तर एकदम काढू नका. त्याला लगेच कळेल आणि राग निघेल तो तुमच्यावर. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आमच्याशी बोला, सुरक्षित जागा ठरवा, मग काढा. तिसरं, लग्नपत्रिका, बँकेचा फॉर्म, योजनेची यादी असं नाव लावून व्हॉट्सॲपवर फाईल येते. ‘एपीके’ असं शेवटी लिहिलेली फाईल उघडायची नाही. ई-केवायसीच्या वेळी खोट्या वेबसाईटसुद्धा निघाल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. तशी अटक आपल्या कायद्यात नाही. पैसे गेले तर ताबडतोब १९३० ला फोन. लाज वाटून दोन दिवस घरात बसू नका, पहिले काही तास मोलाचे असतात.

चौथं, कायदा. बाई इंटरनेटवर, फोनवर काय करते यावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ मध्ये तो दंडसंहितेत आला, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. त्यात ‘कोणताही पुरुष’ असं लिहिलं आहे, नवरा वगळून असं लिहिलेलं नाही. पोलीस ठाण्यात ‘घरचा मामला आहे’ म्हणाले तर हे कलम तोंडावर पाठ हवं.

पण ही सगळी एकेकटीनं लावायची कुलपं झाली. नुसती कुलपं लावून भागलं असतं तर संघटना कशाला हवी होती? नोव्हेंबर २०२५ अखेरीस केंद्र सरकारनं मोबाईल कंपन्यांना सांगितलं की ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या. ॲप तसं उपयोगाचं आहे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते त्यावरून कळतं. पण उपयोगी वस्तू स्वेच्छेनं घेणं वेगळं आणि न विचारता खिशात कोंबणं वेगळं. देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. विचारलं की बदलतं, हे यावरून दिसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बाईच्या नावावरच्या कुठल्याही योजनेला पुरुषाचा ओटीपी लागता कामा नये. उत्पन्न तपासायचं असेल तर सरकारनं आपल्या दप्तरातून तपासावं, टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या दारात उभं करू नये. प्रत्येक अर्जावर, ही माहिती कशासाठी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे मराठीत छापलेलं हवं. या मागणीचा अर्ज इथल्या टेबलावर ठेवला आहे. वाचा, पटला तर सही करा. सहीपुढे मोबाईल नंबराचा रकाना आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही, कारण आम्हाला त्याची गरज नाही. आजच्या मेळाव्याचे फोटोही काढलेले नाहीत. ते का, हे तुम्हाला आता सांगायला नको.

काकी, तुमचा प्रश्न राहिला. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेलही. पण उद्या तुमची लेक, नाहीतर तुमची सून, रात्री उठून कुणाला तरी ‘मला इथून घेऊन जा’ एवढंच कळवायला बघेल, तेव्हा तो निरोप वाटेत कुणी वाचता कामा नये. मी एवढ्यासाठीच हे सगळं बोलले.